साखळीला वळसा

ओत्तोरीनो काल्लेगारो यांना पदवी नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते मला त्यांच्या चालण्यावरून कळलं.

पादोवाच्या विद्यापीठाच्या जुन्या इमारतीपाशी दगडी खांबांमध्ये एक साखळी लोंबते. गुडघ्याच्याही खाली, शेळीसुद्धा सहज ओलांडेल अशी. पण पदवी मिळण्याआधी जो ती ओलांडतो त्याला ती कधीच मिळत नाही, असं इथला विद्यार्थी मानतो. चर्चमध्ये पाऊल न टाकणारे, पदार्थविज्ञान शिकणारे, सगळे मानतात. मला ते पहिल्याच दिवशी पटलं. आमच्या चोपड्यात वार्षिक परीक्षेच्या दिवशी मी केस कापून घेत नसे, कारण डोक्यातलं जाईल अशी आईला खात्री होती. इथली मंडळी मला त्यामुळे लगेच घरची वाटली.

ओत्तोरीनो यांचं विद्यापीठामागच्या गल्लीत झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान होतं. दुकानावरची खोली मी भाड्यानं घेतली होती. त्रेसष्ट वर्षांचा, जाड भुवयांचा, सतत शाईचा अंगठा शर्टाला पुसणारा माणूस. रोज सकाळी बांधलेले प्रबंध हातगाडीवर रचून ते विद्यापीठात पोचवायचे. पत्नी लोरेदानाबाई हातात पावतीपुस्तक घेऊन सोबत. साखळीपाशी आल्या की बाई स्कर्ट जरासा उचलून सरळ ओलांडून जायच्या आणि पलीकडे थांबायच्या. ओत्तोरीनो मात्र गाडी वळवून, खांबांची अख्खी रांग संपेपर्यंत जाऊन, पलीकडून परत यायचे.

"गाडीमुळे," मी एकदा विचारलं तेव्हा ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गाडी नव्हती, बगलेत एकच प्रबंध होता. तरीही वळसा.

"चाळीस वर्षं वाट बघतेय मी इथं," लोरेदानाबाई मला म्हणाल्या. "या साखळीनं माझ्या आयुष्यातले किती तास खाल्ले असतील, तू संख्याशास्त्र शिकतोस ना, काढ हिशेब."

सगळं गाव त्यांना 'दोत्तोरे' म्हणायचं. इथं पदवी असलेल्या कुणालाही दोत्तोरे म्हणतात आणि चांगला कोट घातलेल्या बाकीच्यांनाही. ओत्तोरीनो दर वेळी दुरुस्ती करायचे. "नुसतं ओत्तोरीनो." गिऱ्हाइकाला वाटायचं, केवढा हा विनय.

विनय वगैरे त्यांच्या आसपासही फिरकत नसे. पदवीच्या दिवशी इथले मित्र पदवीधराचं भलंमोठं व्यंगचित्र काढतात, खाली यमकात त्याची सगळी लफडी लिहितात, तो कागद भिंतीला चिकटवतात आणि त्यानं तो पीत पीत सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचा असतो. अडखळला की आणखी एक पेला. या कागदाला 'पापीरो' म्हणतात आणि गावातले निम्मे पापीरो ओत्तोरीनो यांच्या दुकानात छापले जायचे. यमक ढिलं असेल तर ते छापायला नकार देत.

"या ओळीत दोन अक्षरं जास्त आहेत."

"अहो, त्यात त्याच्या दोन्ही मैत्रिणींची नावं बसवायची आहेत."

"एक मैत्रीण कमी करा."

प्रबंधांचंही तसंच. बांधायला आलेला प्रत्येक प्रबंध ते आधी वाचायचे. संदर्भसूचीत चूक दिसली की मुलांना शिलाईमशीनपाशी उभं करून झापायचे. तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी परदेशी मुलं मुद्दाम झेरॉक्सच्या निमित्तानं दुकानात यायची. मोरोक्कोचा एक, पेरूची एक, मी. ओत्तोरीनो कागद कापता कापता प्रश्न विचारायचे. विषय कळत नसला तरी समोरचा थापा मारतोय हे त्यांना बरोबर कळायचं. माझं इटालियन वर्गात कमी आणि त्या कटिंगमशीनपाशी जास्त झालं. त्यामुळे ते अजूनही थोडं तुटक आहे.

दुसऱ्या वर्षी संभाव्यतेच्या तोंडी परीक्षेत मला तीसपैकी बावीस मिळाले. अठराला पास. पण इथल्या विद्यापीठांत एक अजब सोय आहे: मिळालेले गुण पसंत नसतील तर विद्यार्थी ते नाकारू शकतो आणि पुन्हा बसू शकतो. आमच्या चोपड्यात कुणाला सांगितलं तर म्हणतील, पास झालेला माणूस नापास मागतो म्हणजे भांग प्यायला असणार. पण दोन वर्षांत मी इथला झालो होतो. बावीस हा मला अपमान वाटला. संगणकावर सात दिवसांत 'नको' म्हणायचं होतं. मी ते दुकानात ऐटीत जाहीर केलं.

ओत्तोरीनो यांनी मशीन बंद केलं.

"घे ते बावीस."

"पण मला तीस येऊ शकतात."

"घे म्हणतो ना."

"सांगून टाका त्याला," लोरेदानाबाई टेबलामागून म्हणाल्या. "नाहीतर मी सांगते, आणि माझ्या सांगण्यात तुम्ही जास्त मूर्ख दिसता."

मग दोघांनी मिळून सांगितलं. एकोणीसशे एकोणऐंशी सालचा फेब्रुवारी. ओत्तोरीनो यांची इतिहासाची शेवटची परीक्षा, मध्ययुग. आधीच्या सगळ्या परीक्षांत तीसला तीस. या वेळी प्राध्यापकांनी सत्तावीस दिले. तेव्हा संगणक नव्हता, नकार तोंडावर द्यावा लागे. ओत्तोरीनो उभे राहिले आणि म्हणाले, आभारी आहे, नको. प्राध्यापकांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, मग जूनमध्ये भेटू.

"मी बाहेर उभी होते," लोरेदानाबाई म्हणाल्या. "पंचवीस घेऊन खूश. हा सत्तावीस टाकून छाती काढून बाहेर आला. मला वाटलं, काय रुबाबदार माणूस. तेव्हाच पळायला हवं होतं."

एप्रिलमध्ये ओत्तोरीनो यांच्या वडिलांना झटका आला. छापखाना त्यांचा, आणि कामं अंगावर. जून गेला, मग सप्टेंबर, मग पुढचा जून. प्रबंध लिहून तयार होता: पादोवाच्या जुन्या कालव्यांवरच्या पाणचक्क्या. तो चाळीस वर्षं दुकानातल्या वरच्या फळीवर न बांधलेला पडून होता. ज्यानं गावातल्या हजारो पोरांच्या प्रबंधांवर सोनेरी अक्षरं ठोकली, त्याचा स्वतःचा प्रबंध दोरीनं बांधलेला.

"मग आता द्या परीक्षा," मी म्हणालो.

"दर वर्षी म्हणतो. पुढच्या वर्षी दुकान विकतोय. तेव्हा बघू."

"दुकान गेलं की तुम्ही त्या बाजूला फिरकणार तरी का?" बाई म्हणाल्या. "घरी बसून माझ्या मक्याच्या पोलेंतातल्या गुठळ्या मोजाल."

दुकान गेलं की हेही गेलं, हे त्यांनाही कळत होतं. ते वरच्या फळीकडे बघत राहिले, म्हणून मला धीर आला.

"मी बावीस घेतो," मी म्हणालो. "तुम्ही अर्ज भरा. तुम्ही भरला नाहीत तर सातव्या दिवशी मी नाकारतो."

"धमकी देतोस?"

"तुमच्याकडूनच शिकलो. यमक जमेपर्यंत छापत नाही म्हणता ना, तसं."

सहाव्या दिवसापर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. सातव्या दिवशी दुकानाबाहेर पाटी होती: 'मालक कार्यालयात गेले आहेत.' विद्यापीठातलं विझलेलं नाव पुन्हा पेटवायला कोणते कागद लागले कुणास ठाऊक, पण संध्याकाळी ते परत आले तेव्हा शर्टाला शाईऐवजी गोंद लागलेला होता. मी त्यांच्यासमोर संगणकावर बावीस स्वीकारले. अजूनही माझ्या गुणपत्रिकेत ते बावीस दात पडल्यासारखे दिसतात.

मग चार महिने आमच्या भूमिका उलटल्या. कटिंगमशीनवर ते, प्रश्न विचारायला मोरोक्कोचा सलीम, पेरूची योलांदा आणि मी. मध्ययुगातलं आम्हाला ओ की ठो कळत नव्हतं, पण थापा ओळखायला आम्ही शिकलो होतोच.

परीक्षेच्या दिवशी आम्ही सगळे मागच्या बाकांवर जाऊन बसलो. इथली तोंडी परीक्षा सगळ्यांसमोर होते, कुणीही येऊन ऐकावं. ओत्तोरीनो लग्नातला कोट घालून वीस-एकवीस वर्षांच्या पोरांमध्ये ओळीत बसले होते. एका मुलीनं त्यांना प्राध्यापक समजून खुर्ची दिली. मग त्यांचं नाव पुकारलं गेलं आणि तिनं ती परत घेतली.

परीक्षक प्राध्यापिका मार्त्सिया तोनेल्लातो. वीस वर्षांपूर्वी त्यांचा प्रबंध ओत्तोरीनो यांनीच बांधला होता.

"ओळखपत्र," बाई म्हणाल्या.

"बाई, तुमच्या प्रबंधाचं एकोणनव्वदावं पान उलटं लागलं होतं. अख्खं पुस्तक उसवून मी ते सरळ केलं."

"त्याबद्दल मी आजही आभारी आहे. ओळखपत्र."

त्यांनी खिसे चाचपले. ओळखपत्र लोरेदानाबाईंच्या पर्समध्ये निघालं. अर्थातच.

पहिल्या प्रश्नाला गडी सुसाट सुटला. नगरराज्यं, कर, कालव्यांचे हक्क. दुसऱ्या प्रश्नाला बाईंनी हात वर केला. "हे मत आता कुणी मांडत नाही. सत्तरच्या दशकातलं आहे."

"मीही सत्तरच्या दशकातला आहे."

"ते दिसतंय. नंतरचं काय वाचलंत?"

चार महिने आम्ही त्यांच्याकडून जुनीच पुस्तकं पाठ करून घेतली होती. ओत्तोरीनो यांनी अंगठा कोटाला पुसला. मग ते सावकाश म्हणाले, की दोन हजार अकरा साली एका मुलीनं याच विषयावर प्रबंध केला होता, हिरवं कव्हर, तिच्या मते कर वाढला तो युद्धामुळे नाही, पुरामुळे. आणि दोन हजार चौदाच्या एका मुलानं तिला खोडून काढलं, पण त्याचे आकडे चुकले होते, मी त्याला सांगितलं होतं, त्यानं ऐकलं नाही.

बाई पुढे झुकल्या. "कोणता मुलगा?"

"नाव नको. आता तो शिक्षक आहे."

चाळीस वर्षांचे प्रबंध त्या डोक्यात ओळीनं लावलेले होते, कव्हरच्या रंगासकट. पुढची दहा मिनिटं परीक्षा कोण कुणाची घेतंय हे सांगता येत नव्हतं. शेवटी बाईंनी सहकाऱ्याकडे पाहिलं, कागदावर काही लिहिलं.

"सिन्योर काल्लेगारो, शेवटचा भाग उत्तम. पण नेमलेल्या पुस्तकांत जे होतं ते तुम्ही अर्धंच वाचलंत. सव्वीस."

सत्तावीसहून एक कमी. ओत्तोरीनो उभे राहिले, आणि त्यांचं उभं राहणं बघून लोरेदानाबाईंनी माझा दंड असा धरला की त्याचे वळ दोन दिवस होते. "हा नाही म्हणणार," त्या पुटपुटल्या. "बघ हा आता नाही म्हणणार, आणि मी याला इथंच सोडून जाणार."

ओत्तोरीनो यांनी मान वळवून मागे पाहिलं. बायकोकडे नाही, माझ्याकडे. मी दोन बोटं दोनदा दाखवली: बावीस.

"घेतो," ते म्हणाले. मग आपण फार खूश आहोत असं परीक्षकांना वाटू नये म्हणून जोडलं, "या वेळी."

नोव्हेंबरमध्ये पाणचक्क्यांचा प्रबंध बांधला गेला. शिलाई त्यांनी कुणाला करू दिली नाही, सोनेरी अक्षरं मात्र आम्हाला ठोकू दिली आणि दोनदा ओरडले. पदवीच्या दिवसाचा पापीरो आम्ही तिघांनी लिहिला. यमकात मोरोक्को, पेरू आणि चोपडा असे तिघे बसल्यावर जे व्हायचं ते झालं. डोक्यावर पदवीधराचा लॉरेलच्या पानांचा मुकुट घालून ओत्तोरीनो तो वाचत होते आणि प्रत्येक ओळीला थांबून मात्रा दुरुस्त करत होते. नियमाप्रमाणे प्रत्येक थांबण्याला एक पेला. शेवटच्या कडव्यापर्यंत त्यांना दुरुस्त करण्यासारखं काही दिसेनासं झालं.

मग सगळी वरात साखळीपाशी आली. लोरेदानाबाई नेहमीसारख्या ओलांडून पलीकडे उभ्या राहिल्या. आम्ही बाजूला झालो, फोन काढले. ओत्तोरीनो मुकुट सावरत आले, साखळीपाशी पोचले आणि वळून खांबांच्या टोकाकडे चालू लागले.

ते शेवटचा खांब ओलांडून, पलीकडून, बायकोपाशी येऊन उभे राहिले. सगळे आपल्याकडे का बघतायत हे त्यांना कळायला जरा वेळ लागला.

"अरेच्चा," ते म्हणाले.

आणि परत जायला निघाले. तेही वळसा घालूनच.

"ओत्तोरीनो," लोरेदानाबाई म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता, मी तो पहिल्यांदाच तसा ऐकला. "इकडून. मी आहे ना इथं."

त्यांनी हात पुढे केला. ओत्तोरीनो यांनी एक पाय टाकला, गुडघा धरून क्षणभर साखळीवर दोन्हीकडे पाय टाकून उभे राहिले, मुकुट एका कानावर आला, आणि मग दुसरा पाय.

मी आता याच गावात एका विमा कंपनीत लोकांच्या मरणाची शक्यता काढतो. दुकानाच्या जागी मोबाईलची कव्हरं मिळतात. तिथला मुलगा काहीही वाचत नाही, आणि कव्हर पटकन बसवून देतो. कामावर जाताना कधीतरी दोघं दिसतात, बाजाराच्या पिशव्या घेऊन. बाई साखळीवरून. ते वळशानं.

"दोत्तोरे," मी हाक मारतो. "आता तर ओलांडा."

"गुडघा," ते म्हणतात. पण दुरुस्ती करत नाहीत.