ट्यूब वाढली

माझ्या भावाने पुण्याहून त्याची जुनी गिअरची सायकल मला आणून दिली, तेव्हा तिचे गिअर शोधायला आमची अख्खी गल्ली जमली होती. या सायकलचे गिअर मागच्या चाकाच्या मधल्या डब्यात, आत असतात. बाहेरून काही दिसत नाही. "दिसूनच न्हाई राहिले, म्हंजे न्हाईतच," असा निकाल देऊन, चहा पिऊन मंडळी घरी गेली.

मला त्याचं काहीच वाटलं नाही. सेनगाव रस्त्यावरच्या एका शाळेत मी शिकवते. घर ते शाळा एवढी वाट माझ्या एकटीची असते. तिथे मला कुणी हाक मारत नाही, भाजी काय करायची हे विचारत नाही. मी मोठ्याने गाणी म्हणते आणि फार वाईट म्हणते. अडचण एकच. त्या वाटेवर शेळ्यांना बाभळीच्या फांद्या तोडून टाकतात. शेळ्या पाला खातात आणि काटे माझ्यासाठी ठेवतात. पंक्चर झालं की नवऱ्याला फोन करावा लागतो. तो मोटारसायकल घेऊन येतो, मला मागे बसवतो आणि शाळेपर्यंत सोयाबीनचा भाव सांगतो. संध्याकाळी आणतानाही सांगतो. भाव तोच असतो.

शेवटी भावाने काटा आत शिरणार नाही असे जाड टायर पाठवले. नवरा रोजच्या फोनला वैतागलेला होताच. टायर हातात घेऊन म्हणाला, "पाच मिंटाचं काम हाये. पण आज हा चढला न्हाई, तर सायकल भंगारात. सोमवारपासून तू माझ्या मागं बसून जायचं." वर्षभर सोयाबीन ऐकायचं म्हणजे काय, हे त्याला कसं कळणार!

त्या दिवशी नेमकं धाकट्या जावेचं डोहाळजेवण होतं. ओसरीवर कासारीण सगळ्यांना हिरवा चुडा भरत होती. समोर अंगणात नवरा मागचं चाक मांडीवर घेऊन बसला होता. टायर सगळीकडून बसला, पण शेवटची वीतभर कड काही केल्या रिमवर चढेना. त्याने ओढून पाहिलं, गुडघा लावून पाहिलं. मग माझ्या स्वयंपाकघरातलं उलथणं आणून कडेखाली घातलं आणि जोर लावला. आतली ट्यूब त्यात चिमटली आणि फाट्‌कन आवाज आला.

"फुटली!" तो ओरडला.

"चुडा भरून राहिले इथं, अन् फुटली काय म्हणतो?" माझ्या सासूबाई ओसरीवरून कडाडल्या. "वाढली म्हण!"

आमच्याकडे बांगडी कधी फुटत नाही, ती वाढते. फुटली हा शब्द सवाष्णीच्या घरात उच्चारायचाच नसतो.

"बरं, ट्यूब वाढली," नवरा म्हणाला. थोड्या वेळाने त्याच उलथण्याने दुसरीही वाढली. आता घरात ठिगळं लावलेली एकच जुनी ट्यूब उरली होती.

"तुझ्या भावानं टायरच लहान धाडला," असंही त्याने जाहीर केलं. नाचता येईना अंगण वाकडं! मी उत्तर देणार होते, पण माझा हात कासारणीच्या हातात होता.

माझा हात थोराड आहे. बांगडी बोटांच्या हाडांशी येऊन अडते. "आवळू नको, बाई," कासारीण म्हणाली. "अंगठा आत मोड. बांगडी काही मोठी होत न्हाई, हातच बारीक करा लागतो." तिने माझा तळवा दाबून दाबून अरुंद केला, आणि बांगडी सुळकन मनगटावर गेली. मी बांगडीकडे पाहिलं, मग अंगणात पाहिलं. तिथे माझा नवरा घाम गाळत टायर मोठा करून राहिला होता.

"थांबा!" मी उठलेच.

"अवं, एक हात भुंडा ठेवून कुठं चालली?" कासारीण ओरडली. मी तशीच पळाले.

रिमच्या मधोमध खोलगट पन्हळ असते. तिथे रिमचा घेर लहान. मी कडेला साबणाचं पाणी लावलं आणि टायर सगळीकडून चिमटीत धरून त्याची कड पन्हळीत ढकलत आणली. सगळा ढिलेपणा शेवटच्या वीतभर जागेत गोळा झाला. उलथण्याला हात न लावता दोन्ही अंगठ्यांनी कड दाबली, तर टायर गपकन बसला. मला इतका आनंद झाला, की मी भुंडा हात वर करून नाचले.

नवऱ्याने टायर चारी बाजूंनी दाबून पाहिला. मग म्हणाला, "मीच ढिला करून ठेवला होता."

उरलेला चुडा भरून मी कासारणीच्या पाया पडले, आणि पुढच्या चाकाचा टायर त्याला हात लावू न देता मीच बसवला.

सोमवारी शाळेत गेले आणि आले. शेळ्यांनी काट्यांची तयारी ठेवली होती, पण एकही आत शिरला नाही. घराजवळ गिअर बदलताना मात्र हात ब्रेकवर आपटला आणि एक हिरवी बांगडी गेली. सासूबाई दारातच तूर पाखडत होत्या, म्हणून मी शब्द सांभाळून म्हणाले, "वाढली."

आतून चहाची बशी आपटल्याचा आवाज आला. नवरा धावत बाहेर आला आणि सायकलपुढे उकिडवा बसून टायर दाबू लागला. "कोन्ती? मागची का पुढची? आत्ताच तर बसवली!"

"ट्यूब न्हाई हो. बांगडी."

त्याचा चेहरा फुलला. "बांगडी व्हय! मग बरं झालं!"

सासूबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं. "बरं झालं? अरं येड्या, बायकोच्या हातातली बांगडी तुझ्याच नावाची असती ना!"

त्याने क्षणभर विचार केला. अंगठा टायरवरच होता.

"असू दे," तो म्हणाला, "टायर तर बराबर हाये ना."