पेपरात पोरीचं नाव

बायांनो, माही पोरगी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. कोरोनात पेपरवाल्यानं तिले देवदूत म्हटलं. संपावर गेली तं छापलं, रुग्ण वाऱ्यावर. फोटो आला तं डॉक्टरचं नाव, पुढाऱ्याचं नाव, अन् ही 'इतर कर्मचारी'.

परवा दवाखान्यात साप चावलेली बाई आणली होती. काल पेपरवाला तिथं आला. म्हणे, "सिस्टर, देवदूत लिहू का?"

पोरगी म्हणाली, "नको दादा. माहं नाव लिहा, अन् साप चावलेल्या बाईजवळ दिवसभर काय केलं थे लिहा."

आज छापून आलं. मी एकेक अक्षर लावून वाचलं. तिचं पूर्ण नाव, अन् दर पंधरा मिनिटांनी नाडी पाहिली, हेही.

तिचा बाप म्हणे, "फोटो काहून नाही?"

म्हटलं, "तोंड तं रोजच पाहता. काम काय करते, हे आज समजलं ना?"

तुमच्या घरच्या नर्सचं नाव छापलं का कोणी?