माहितीपट चालू असताना

आमच्या सलूनवाल्याला सगळे प्रोफेसर म्हणायचे. शाळेशी त्याचं फारसं कधी जमलं नव्हतं. नाव पडलं ते टीव्हीमुळं. दुसऱ्या सलूनांत गाणी लागतात, मारामारीचे सिनेमे लागतात. ह्याच्याकडं माहितीपट लागायचे, आणि तेही एकाच विषयाचे: मोबाइल, कॉम्प्युटर, नवी नवी यंत्रं, आणि त्यांनी माणसाचं काय करून ठेवलंय.

हे खूळ डोक्यात शिरलं लेकीमुळं. पोरगी जेवताना ताटात बघायची नाही, फोनमध्ये बघायची. घास कानात गेला असता तरी तिला पत्ता लागला नसता. अशातच त्यानं एक माहितीपट पाहिला. त्यात फोनमधली ॲप बनवणारी शहाणी माणसं कबूल करत होती, की आमच्या स्वतःच्या पोरांच्या हातात आम्ही हे देत नाही. प्रोफेसर हादरला. आपण वाचलो नाही, निदान गिऱ्हाइकं तरी वाचावीत, एवढाच त्याचा साधा हेतू.

आणि दाढीला बसलेल्या माणसाला पळता थोडंच येतं?

"तो गोदामाचा बघितलास का? माणूस लघवीला गेला तरी मशीन वेळ मोजतं. बघच एकदा. आणि तो पोरींचा? फोटोला किती अंगठे आले ते मोजून रडतात बिचाऱ्या."

"प्रोफेसर, आधी माझे कल्ले सारखे करा. जगाचं मागाहून बघू."

"हसा, हसा. उद्या तुमची पोरं तुम्हाला बाबा म्हणायच्या आधी फोनला विचारतील."

टीव्ही पहिल्यांदा मागच्या भिंतीवर होता. आरशात दिसायचा, पण अक्षरं उलटी. खालच्या ओळी वाचता येत नाहीत म्हणून प्रोफेसरनं तो काढून आरशाच्या वर ठोकला. गिऱ्हाइकाची सोय झाली. त्याचीही झाली. मान वर केली की टीव्ही, हातात मात्र कुणाचा तरी गळा. कुणाला एक ओरखडा आला नाही, हे खरं. हात तसाच होता त्याचा. फेस लावायच्या आधी डाव्या हाताची दोन बोटं गालावरून, हनुवटीखालून फिरायची; केस कुठल्या दिशेनं, पुटकुळी कुठं, तीळ कुठं, सगळं बोटांना कळायचं. पूर्वी एका ड्रायव्हरला त्यानं सांगितलं होतं, "दाढ सडलीय तुझी, सूज लागतेय हाताला." ड्रायव्हरला स्वतःला ठणका लागायच्या आधी.

टेलर मास्तर त्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. बायको गेल्यावर तर मास्तर दाढीला कमी आणि बोलायलाच जास्त यायचे. रस्त्यानं जाणाऱ्याकडं बघून म्हणायचे, "ह्याचा डावा खांदा उतरलाय, शर्ट माझ्याकडचा नाही." सलून हसायचं. टीव्ही वर चढल्यावर ते हसणं हळूहळू आटलं. बाकावरची माणसं आ वासून वर बघत बसायची. माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, हे सांगणारे माहितीपट आणि ते मुकाट्यानं बघणारी माणसं! पण हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

त्या दिवशी लागलेला माहितीपट एकट्या म्हाताऱ्यांचा होता. बोलायला कुणी नाही म्हणून त्यांना बोलणारी यंत्रं दिलेली. एक आजी त्या डबड्याला 'जेवलास का' विचारत होती. मास्तर खुर्चीत मान टाकून बसले होते.

"प्रोफेसर, ऐक ना. हल्ली कॉलर आवळतेय मला."

"शू! मास्तर, हे बघा, हे बघण्यासारखं आहे."

"अरे, बटणच लागत नाही. इथं जरा..."

"मग सैल शिवा की! टेलर तुम्ही का मी?"

बाकावरची दोघं-तिघं हसली. मास्तरही हसले आणि गप्प बसले. प्रोफेसर वर बघत म्हणाला, "काय दिवस आले बघा. माणसाचं ऐकायला माणूस नाही."

मास्तरांनी त्याचं म्हणणं खरंच मनावर घेतलं. घरी जाऊन सगळ्या शर्टांच्या कॉलरची बटणं पुढं सरकवली. पुढं पुन्हा आवळलं, तशी पुन्हा सरकवली. सुनेच्या लक्षात आलं तेव्हा आवाज घोगरा झाला होता आणि गळ्यावरची गाठ नुसत्या डोळ्यांना दिसत होती. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर सोपं होतं.

ही बातमी कळली तेव्हा प्रोफेसरच्या हातात वस्तरा होता. तो तसाच उभा राहिला. कारण त्याला आठवलं. मास्तरांच्या गळ्याच्या उजव्या बाजूला, हनुवटीच्या खाली, एका जागी वस्तरा कितीतरी दिवस वळसा घालून जात होता. बोटांना लागलं होतं. हातानं आपलं काम बरोबर केलं होतं. डोकं तेवढं वर, टीव्हीत होतं.

नंतर तो सामान घेऊन मास्तरांच्या घरी गेला. सून दारातच म्हणाली, "काका, वस्तरा नको म्हणालेत डॉक्टर. गळ्याला रेडिएशनचा शेक देताहेत ना, कातडी भाजलीय. मी मशीननं करते त्यांची दाढी."

त्यानं पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि पलंगाशेजारी बसला. मास्तर खंगले होते, पण ओळखीचं हसले. "या प्रोफेसर. काय दाखवताय सध्या?"

"बंद केला टीव्ही."

"का रे? चांगलं असायचं की ते. त्या गोदामवाल्याचं तर मी सुनेला सांगितलं होतं."

प्रोफेसर मान खाली घालून बसला. मास्तरांनी एकदा आयमाय काढावी, मग आपणही काहीतरी बोलू, अशी त्याची तयारी होती. पण मास्तर बोलले ते नातवाच्या शाळेबद्दल, शिलाई मशीन कुणाला द्यायचं त्याबद्दल, तेही थांबत थांबत. मग पाणी प्यायले.

शेवटी प्रोफेसरनंच विषय काढला. "मास्तर, त्या दिवशी तुम्ही काय सांगत होता... आता सांगा. मी ऐकतोय."

मास्तरांनी हात हलवला. "आता काय सांगू? तुला माहीत झालं ते. आणि बोललं की दुखतं रे."

स्वयंपाकघरात सून भांडी विसळत होती, तेवढाच आवाज.