आधी कॅनडातली बदकं

मी बँकेतून व्हीआरएस घेऊन घरी बसलो आणि त्याच सुमारास गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये ब्रॉडबँड आलं. हे दोन्ही एकदम व्हायला नको होतं. मुलगी पुण्याला नोकरीला निघाली होती. जाताना तिनं मला संगणकावर फीड रीडर लावून दिला. मखमलाबादचा फुलवाला रोज सकाळी दाराच्या कडीला फुलांची पुडी अडकवून जातो, तसं वेबसाइटवर नवं काही आलं की आपल्या घरी पोचतं, असं तिनं समजावलं. तिचा ब्लॉग तिनं त्यात पहिला घातला. तो माझ्याशिवाय कुणी वाचत नव्हतं. मी ऐटीत म्हणालो, फोनबिन करू नकोस, तू लिहिलंस की मला कळलंच.

मग मला चटक लागली. दिसेल त्या साइटचं फीड घ्यायचं: द्राक्षांवरचे रोग, जुने कॅमेरे, कॅनडातले पक्षी. मला चिमणी आणि साळुंकीपलीकडे पक्षी ओळखता येत नाही, पण ज्ञानाला मर्यादा कशाला घाला! त्यात आमच्या घरचं वळण असं की ताटात काही टाकायचं नाही, आणि आधीचं संपल्याशिवाय पुढचं वाढून घ्यायचं नाही. तोच नियम मी इथं लावला. जुनं आधी, नवं नंतर, एक ओळ गाळायची नाही. एवढं बँकेत केलं असतंत तर मॅनेजर झाला असतात, असं बायको म्हणायची.

एका रविवारी दुपारी बायको भिशीला गेली होती आणि मी कॅनडातल्या बदकांच्या स्थलांतरात बुडालो होतो. बेल वाजली. दारात मुलगी, हातात मोठी बॅग, तोंड उन्हानं लाल झालेलं.

"अगं, कळवायचंस तरी."

"कळवलं होतं, बाबा. स्टँडवर किती वेळ वाट बघितली."

तिनं पडद्यावरची बदकं पाहिली. खुर्ची ओढून बसली आणि बदकं, कॅमेरे, द्राक्षं एकेक करून काढून टाकली. शेवटी एकच नोंद उरली, तिच्या ब्लॉगवरची.

"नोकरी सोडलीय. रविवारी दुपारी येतेय. आईला सांगायचा धीर होत नाही. बाबा, तुम्ही एकटेच स्टँडवर या. आधी तुम्हाला सांगायचंय."

मला फार लाज वाटली. तिच्याकडे बघवेना. मी शर्ट चढवला, स्कूटरची किल्ली घेतली आणि तिची बॅग उचलली.

"चल," म्हणालो, "परत स्टँडवर जाऊ. तू आत्ताच उतरलीयेस."