भिंतीवर डकवलेली काच

मंगळवारी सकाळी सुमनकाकूंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो. "बिझी आहेस का रे? मग नंतर कर," एवढंच म्हणाल्या. आवाज रोजचाच होता. अर्ध्या तासाने मी फोन केला तेव्हा म्हणाल्या, "गजानन, काका गेले. झोपेतच..." माझी मीटिंग मोडू नये म्हणून त्यांनी ती बातमी अर्धा तास एकटीनेच सांभाळली होती. त्याला आता सहा आठवडे झाले. भास्करकाका नव्वदीला टेकले होते, त्यामुळे भेटायला येणारा प्रत्येकजण "सोनं झालं" म्हणून गेला. मला मात्र राहून राहून वाटतं, की त्यांचं एक काम अर्धं राहिलं आहे, आणि ते अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या त्यांच्या घराच्या बेसमेंटमध्ये, भिंतीवर आहे.

काकांची-माझी ओळख इथल्या गणपतीतली. मी नुकताच अमेरिकेत आलो होतो. मूळचा मेहकरचा, शाळा जिल्हा परिषदेची, घरात पदवी घेतलेला पहिलाच. जेवणाच्या रांगेत पुण्या-मुंबईची मंडळी एकमेकांची कॉलेजं विचारत होती आणि मी मठ्ठ्याचा ग्लास धरून गप्प उभा होतो. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मला विचारलं, "तुमच्या गावाकडच्या घराची भिंत कशाची हो?" मी ओशाळून म्हणालो, "मातीची." त्यांनी ताट बाजूला ठेवलं. "पांढऱ्या मातीची? वर छपराला मातीचं धाबं? भिंत किती जाड? हात पसरून दाखवा बघू!" मी दोन्ही हात पसरले. मागच्या रांगेतलं कुणीतरी "काका, पुढे सरका यार," म्हणेपर्यंत आम्ही तिथेच उभे होतो. जे मी पहिल्या दिवसापासून लपवत होतो, त्याबद्दल एवढ्या कौतुकाने विचारणारा हा पहिलाच माणूस. त्यानंतर बारा वर्षं दर रविवारी मी त्यांच्याकडे चहाला जात राहिलो.

काका स्थापत्य अभियंता होते. सांगलीला शिकून ते आधी लंडनला गेले आणि बऱ्याच वर्षांनी अमेरिकेत आले. पण बोलायचे ते लंडनबद्दल. युद्ध संपून दीड दशक झालं होतं, तरी बॉम्बने पाडलेल्या घरांच्या जागा दातांतल्या फटींसारख्या रिकाम्या होत्या. विटांच्या ढिगाऱ्यांवर जांभळी रानफुलं माजली होती. त्यांना नगरपालिकेत नोकरी मिळाली. उभ्या राहिलेल्या घरांत जायचं, भिंती तपासायच्या आणि लिहायचं: दुरुस्त होईल, की पाडावं. नोकरी मिळाली, पण राहायला खोली मिळेना. दार उघडायचं, चेहरा दिसायचा आणि खोली नुकतीच गेलेली असायची. शेवटी मिसेस पार्किन नावाच्या विधवा बाईंनी त्यांना ठेवून घेतलं. त्या बॉम्बच्या दिवसांत जिन्याखाली झोपून वाचलेल्या; घराचा संडास अंगणात, नळाला गरम पाणी नाही. काका सांगायचे, "पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, तुम्ही भिंतींचे डॉक्टर ना? मग आमच्या या पेशंटलाही बघा." स्वयंपाकघराच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता.

अशा तड्याची परीक्षा करायची एक जुनी पद्धत आहे. काचेची बोटभर पट्टी घ्यायची, तड्यावर आडवी ठेवायची, दोन्ही टोकं प्लास्टरने पक्की करायची आणि शेजारी तारीख लिहायची. भिंत अजून हलत असेल तर काच फुटते. फुटली नाही तर तडा जुना आहे, भिंत स्थिर आहे. मात्र सहा महिने थांबावं लागतं. काकांनी मिसेस पार्किनच्या भिंतीवर पट्टी लावली. तीन आठवड्यांत साहेबांनी अख्ख्या गल्लीचा अहवाल मागितला, कारण तिथे उंच इमारती उठणार होत्या. काकांनी लिहून दिलं: भिंत हलती आहे, घर पाडावं.

"दबाव होता?" मी एकदा विचारलं.

"दबाव कसला! मला वाटलं बाईंना बाथरूम मिळेल, गरम पाणी मिळेल. चांगलंच करतोय या खात्रीने लिहिलं मी. तेच तर..."

घर पाडायच्या दिवशी ते मुद्दाम गेले. स्वयंपाकघराची भिंत अजून उभी होती आणि तिच्यावरची काच शाबूत होती. त्यांनी ती खरवडून काढली आणि खिशात घातली. ती पट्टी त्यांच्या जुन्या चष्म्याच्या डबीत असे. मी ती कितीदा हातात घेतली आहे. महिन्याभराने ते बाईंना नव्या घरी, सातव्या मजल्यावर भेटायला गेले. बाईंनी गरम पाण्याचा नळ दोनदा सोडून दाखवला, लहान मुलीसारख्या खूश होत्या. मग खिडकीशी उभ्या राहून म्हणाल्या, इथून सगळं दिसतं, पण कुणी दिसत नाही. काकांना पट्टीबद्दल सांगायचं होतं. सांगितलं नाही. पुढच्या वर्षी बाई वारल्या.

मला कंपनीने दोन आठवडे लंडनला पाठवलं तेव्हा काकांनी एका कागदावर मिसेस पार्किनच्या त्या नव्या घराचा पत्ता लिहून दिला. "इमारत आहे का बघ. आणि सातव्या मजल्यावरचे लोक एकमेकांना ओळखतात का, ते विचार." असा प्रश्न अनोळखी दारात कसा विचारायचा, या काळजीत मी लिफ्टने वर गेलो. दार एका बांगलादेशी आजींनी उघडलं. माझ्या मोडक्या हिंदीला त्यांनी त्याहून मोडकी हिंदी लावली. मी काय शोधतोय हे कळल्यावर त्यांनी मला आत बसवलं, शेजारच्या जमैकाच्या बाईंना हाक मारली, आणि त्या केक घेऊनच आल्या. दोघी तीस वर्षांपासूनच्या शेजारणी. खाली दाराशी नोटीस लागली होती: ही इमारतही पाडायचा विचार चालू होता. आजी म्हणाल्या, "नहीं जाना. इतना सब लोग फिर किधर मिलेगा?"

मी तिथूनच काकांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "भिंतींना तडे आहेत?" मी म्हटलं, आहेत बारीक. "मग कुणी काच लावलीय का बघ. नसेल तर त्यांना म्हणावं, आधी लावायला सांगा. सहा महिने तरी मिळतील." आजींना मी ते समजावलं. त्यांनी कागदावर पट्टीचं चित्र काढून घेतलं आणि फ्रिजवर लावलं. पुढे काय झालं ते मला कळलेलं नाही. काका मात्र दर दोन-तीन महिन्यांनी विचारत, "त्या आजींचं काही कळलं का रे?"

गेल्या दिवाळीनंतर शॉमबर्गच्या घराच्या बेसमेंटमध्ये काकांना तडा दिसला. नव्वदीचा माणूस, पण स्टुलावर उभं राहून स्वतः काच डकवली. मी फक्त स्टूल धरलं. शेजारी पेन्सिलीने तारीख लिहिली, आणि खाली, हे त्यांनी आधी कधी लिहिलं नसावं, "थांबा".

काका गेल्यावर त्यांचा मुलगा निनाद फ्रिस्कोहून आला. आई इथे एकटी कशी राहणार, ही त्याची काळजी खरीच आहे. आईला आपल्याकडे न्यायचं म्हणून त्याने घर विकायच्या दृष्टीने घरं तपासणारा इन्स्पेक्टर बोलावला. तो बेसमेंटमध्ये चार मिनिटं थांबला आणि रिपोर्टमध्ये तडा 'गंभीर' लिहून गेला. या रविवारी मी गेलो तेव्हा परत गेलेला निनाद फोनच्या स्पीकरवर होता. "आई, रिपोर्ट वाचलास ना? इट्स नॉट सेफ. मी मूव्हर्स बुक करतोय."

काकू चहा गाळत होत्या. "गजानन आलाय. थांब, आम्ही खाली बघून येतो."

"आई, गजानन सिव्हिल इंजिनिअर नाहीये!"

"माहीत आहे मला. डोळे आहेत त्याला."

आम्ही खाली गेलो. बाहेर बर्फ वितळायला लागलं आहे. जमीन हलायची असेल तर याच दिवसांत हलते, हेही काकांनीच मला सांगितलेलं. काकूंनी टॉर्च धरला. मी जवळ गेलो, पट्टीवरून बोट फिरवलं. चष्म्याच्या डबीतल्या पट्टीसारखीच थंड, गुळगुळीत. कुठे रेघसुद्धा नाही. मी वळून मान हलवली. काकूंनी फोन तोंडाजवळ नेला.

"निनाद, काच धड आहे. सहा महिने व्हायला अजून महिना बाकी आहे. तोवर मी इथेच आहे."

"आणि मग?"

काकूंनी टॉर्च त्या पेन्सिलीच्या अक्षरांवर नेला आणि तिथेच ठेवला.

"मग फुटली तर येईन."