आमच्या घरातल्या सफ्राजेट

शब्दाचा अर्थ विचारल्यामुळे कोणी उपाशी राहत नाही. मी मात्र सांगितल्यामुळे राहिलो.

मी धाड या बाजारगावाजवळच्या एका खेड्यात इतिहास शिकवतो. आमच्या घरचा रिवाज असा, की मतदानाआधी थोरले अण्णा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर बसून कोणतं बटण दाबायचं ते सांगणार आणि सुनांनी दाराआडून मान डोलावायची. यंदा तर अण्णांनी एका उमेदवाराला घरच्या सगळ्या मतांचा शब्दही देऊन टाकला होता. पण माझी बायको शोभा मान न डोलावताच स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग.

"काऊन, अण्णाचं पटलं नाही का?"

"बोट माहं हाये. बटनही मीच ठरवीन."

"आल्या मोठ्या सफ्राजेट!"

"म्हणजे काय वो?"

इथं गप्प बसायला हवं होतं. पण मास्तरला अर्थ विचारला की तो थांबतो कुठं? "विलायतेत मताचा हक्क मागत त्या बाया. नुसते अर्ज करनाऱ्या येगळ्या; ह्या सोताले साखळीनं बांधून घेत, तुरुंगात अन्न सोडत. पेपरवाल्यानं टिंगलीनं हे नाव पाडलं, तं त्यायनं थेच मिरवलं."

"असं," म्हणून तिनं भाकरी उलटली. (किती शांतपणे उलटली, ते मला नंतर आठवलं.)

दुसऱ्या दिवशी भर दुपारी शाळेतून आलो तर घरात चिटपाखरूही दिसेना. ना कुकरची शिट्टी, ना टीव्ही. चूल गार, पातेली पालथी. माजघराच्या दारावर कुंकवानं लिहिलं होतं 'सफ्राजेट', आणि ओली अक्षरं खाली ओघळत होती. मी दोन पावलं मागे सरलो.

पाठीमागे बांगड्या वाजल्या. वळलो, तर खांबाला टेकून शोभा आणि मोठ्या वहिनी बसलेल्या. दोघींच्या कमरेला बैलाची साखळी, ती खांबाला कुलूपबंद. दोघी माझ्याकडे एकटक बघत होत्या. पाठ फिरवली की बांगड्या वाजायच्या आणि वळलं की सगळं जिथल्या तिथे.

मी अण्णांना ओढत आणलं. ते उंबऱ्यातच थबकले.

"बाहेरचं लागलं बे यायले," ते पुटपुटले आणि लिंबू घेऊन वहिनींवरून उतरवू लागले. वहिनींनी पापणीही न हलवता ते लिंबू काढून घेतलं, अण्णांवरूनच उतरवलं आणि परत त्यांच्या हातात ठेवलं. अण्णा मटकन खाली बसले.

"मी शब्द देऊन बसलो वो. माही इज्जत जाईन."

लग्न झाल्यापासून शोभानं अण्णांसमोर तोंड उघडलं नव्हतं. आता उघडलं. आवाज विहिरीतून आल्यासारखा होता.

"शब्द तुमी देल्ला, अण्णा. तुमच्यापाशी मत तं एकच होतं."

तेवढ्यात भुकेनं माझं पोट गुरगुरलं.

"टाका बाई कोनाले टाकाचं थे," अण्णा लिंबू चुरगळत म्हणाले. "पन स्वयंपाक करा."

किल्ली वहिनींच्या पदराला होती.

मतदान झालं. संध्याकाळी मी हळूच विचारलं, "मंग, कोनाले देल्लं?"

"मत गुप्त असते, सर," शोभा म्हणाली.

गोष्ट गावभर झालीच. हल्ली धाडच्या बाजारात कोणी टिंगलीनं हाक मारतं, "ओ सफ्राजेटबाईचे मिस्टर!" सुरुवातीला मी पिशवी उचलून पुढे सटकायचो. आता थांबून "हाव" म्हणतो. असलं नाव मिरवायचं असतं, हा धडा मीच तर शिकवला होता!