राणीसावरगावच्या पांजरपोळात गाय उचलणारी माणसं

कॉलेज अर्ध्यावर सोडलेल्या पोराला मुलगी कोण देणार? जिच्याशी मला लग्न करायचं होतं ती सुशी म्हणाली, "राणीसावरगावला माझे मामा पांजरपोळाचे चिटणीस आहेत. चार दिवस तिथं काम कर. त्यांच्या मनात भरलास, तर ते बाबांकडे शब्द टाकतील." झालं! दुसऱ्या दिवशी मी परभणी स्टेशनावर हजर.

गंगाखेडपर्यंत रेल्वे, पुढे मोटार. तुम्ही जाणार असाल तर मागच्या बाकावर बसू नका. मुरमाचा रस्ता हाडं खिळखिळी करतो. तिकिटाला निजामाचा हाली पैसा चालतो, इंग्रजी कलदारही चालतो. सुट्ट्या मोडीवरून भांडण दोन्हीत होतं. गंगाखेडच्या मोटारअड्ड्यासमोर भाकरी, पिठलं आणि असा ठेचा मिळाला की सुशीची आठवणही क्षणभर पळाली.

पांजरपोळ गावाबाहेर, माळावर. लंगडे बैल, आंधळी म्हैस, लोकांनी सोडून दिलेल्या भाकड गाई. मामांनी मला आधी देणगीदारांची नावं कोरलेला दगड दाखवला, मग गुरं. पगारी गडी दोघंच. एवढं काम दोघांत कसं उरकतं, ते सकाळी कळलं. मेंढरं रानात सोडण्याआधी जवळच्या वस्तीवरची धनगर मंडळी आली, पुढे रखमाबाई. एक तांबडी गाय बसकी होती, तिला आपलं आपण उठता येत नव्हतं. तिच्या पोटाखाली पोतं सरकवायचं, दोन्ही बाजूंनी धरून उचलायचं आणि पायांत रक्त उतरेपर्यंत तोलून धरायचं.

"ओ कालेजवाले," रखमाबाई ओरडली, "पोतं धरा की! शेपूट कामून धरायलाव? वैतरणी वलांडायचीय व्हय?"

सगळे खो खो हसले. मी मुकाट्यानं पोतं धरलं. हळूहळू पोतं सैल सोडलं, तर गाय थरथरत का होईना, आपल्या पायांवर उभी!

"काल याच्याहून कमी हुबी होती," तिचे पाय चोळत रखमाबाई म्हणाली. "रोज जराजरा वाढायलंय. एक दिस चुकला की पाय आखडले बगा."

दुसऱ्या दिवशी परभणीचे कुणी बडे पाहुणे यायचे होते. मंडळी आली, तर मामा फाटकात उभे. "गुरांची सरकी कमी भरतेय. बायांनी ओटी दाखवायची, मगच आत."

रखमाबाईनं पदराची गाठ सोडली. आत अर्धी भाकर. "ही बगा चिटणीससाहेब. माझ्या घरची हाय." ती वळली. तिच्यामागं सगळेच वळले.

"जाऊ दे," मामा म्हणाले, "फुकट येणाऱ्यांचा भरवसा काय? गडी आहेत आपले."

दोन गडी आणि मी. गाय तसूभर हलली नाही. आणि इकडे पाहुण्यांच्या गळ्यात हार घालून मामा सांगतायत, आमची संस्था मुक्या जिवांना कशी पोटच्या पोरासारखी सांभाळते! माझं डोकंच फिरलं.

"संस्था नाही सांभाळत! सांभाळतात त्यांना सकाळी तुम्ही चोर ठरवलंत. आता उचला ही गाय, हाराच्या हातानं!"

मामा जवळ येऊन पुटपुटले, "सुशीसाठी आलायस ना? मग गप्प बस."

मी तडक वस्तीवर गेलो. मेंढरं गेली होती, माणसं पांगली होती. रखमाबाई तेवढी घरी होती, तिनं आधी पाठच फिरवली. मग म्हणाली, "गाईनं काय केलंय म्हणा. सांजच्याला येतो. पर उद्या फाटकात झडती झाली तर न्हाई."

संध्याकाळी ती आली, माणसं घेऊन. गाय उचलली. पोतं सैल केलं आणि तिचे पुढचे पाय दुमडले. पुन्हा उचलली, पुन्हा दुमडले. मामा लांब उभे होते. साधं "चुकलं" सुद्धा म्हणाले नाहीत!

परभणीला पोचलो, तोवर सुशीच्या घरी निरोप गेला होता: मुलगा तापट आहे, मुलगी देऊ नका. नकाराचं दुःख नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. सुशी म्हणाली, "पाहुणे जाईपर्यंत थांबला असतास तर?"

"गाईचे पाय थांबले का?" मी विचारलं.

राणीसावरगावला मी परत जाणार आहे. या खेपेला मामांकडे नाही, वस्तीवर उतरेन. पोतं धरायला माणूस कमीच पडतो.